प्रकरण चौदावे : एका चुडात एक रोप

पन्नाशी उलटलेल्या बाईनं मत्सर करायचाच तर निदान आपल्या वयाच्या कुणाचा तरी करावा. नार्सिसा दुमलाव, म्हणजे घरातल्यांची आणि बांधावरच्या सगळ्यांची इसिंग, गेले वीस दिवस जळत होती ती वीस दिवसांच्या रोपांवर.

आजही उजाडता उजाडता ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. जानेवारीतला गारवा होता. चुलीवर अठरा बायकांचा भात रटरटत होता आणि समोर, पन्नास पावलांवर, तिचे वडील, तातांग, तरव्याच्या बांधावर उकिडवे बसले होते. एका हातात भाजलेल्या तांदळाच्या कॉफीचा पत्र्याचा मग, दुसरा हात रोपांत. एकोणऐंशी वर्षांचा तो माणूस बोटाच्या पेरांनी रोपं मोजत होता आणि त्यांच्याशी बोलत होता. काय बोलत होता ते इथवर ऐकू येत नव्हतं, पण ओठ हलताना दिसत होते. घरात तातांगचे ओठ दोनच कारणांनी हलायचे: मीठ कमी आहे, आणि दार लावा.

तिथं तरवे, म्हणजे रोपांचे वाफे, दोन होते. डावीकडचा इसिंगचा, घरच्या बियाण्याचा. ते बियाणं ती दर हंगामाला स्वतः निवडून, वाळवून, आईच्या, म्हणजे नानांगच्या, जुन्या ट्रंकेत ठेवायची. उजवीकडचा धाकट्या भावाचा, देल्फिनचा, संकरित भाताचा. तालुक्याच्या संशोधन केंद्रात देल्फिन रोजावरचा मदतनीस होता. तिथून शिकून आला आणि एका हेक्टरला अवघं वीस किलोचं पोतं घेऊन आला. पेरताना त्यानं दाणे एवढे विरळ टाकले की इसिंग बांधावरून ओरडली होती, "अरे, पेरतोयस की कोंबड्यांना बोलावतोयस?" बायका पोट धरधरून हसल्या होत्या.

बाराव्या दिवशी बायकांचं हसू थांबलं. देल्फिनची रोपं काळीभोर हिरवी, बुंध्याशी करंगळीएवढी जाड, आणि एवढ्यातच बाजूनं फुटवे काढायला लागलेली. पाळण्यातल्या पोराला मिशा फुटाव्यात तसा तो प्रकार होता. इसिंगची रोपंही चांगलीच होती. फक्त ती आता शेजारी उभी होती. वर्गात दुसरा नंबर आलेल्या मुलीची आई जशी बक्षीस समारंभाला बसते, तशी इसिंग आपल्या तरव्याकडे बघायची.

आणि तातांग? इतक्या वर्षांत ते तिच्या तरव्याशेजारी कॉफी घेऊन बसले होते, असा एकही दिवस तिला आठवत नव्हता.

नुसतं एवढंच असतं तरी तिनं गिळलं असतं. पण आज लावणी होती, आणि लावणीचं जेवण झालं की तातांग नाव सांगणार होते. जमीनदाराकडून कुळांना मिळालेली ही जमीन. तिचे तुकडे पाडून वाटणी करायला कायद्यानं बंदी. वारस एकच लावायचा, आणि तोही स्वतः कसणारा. मुलं तीन. थोरला सेव्हेरिनो, तिचा मानोंग, ज्यानं भाड्यानं चालवायला दोन जीपनी गाड्या घेतल्या आणि दोन्ही विकल्या. मधली इसिंग. आणि धाकटा देल्फिन, तिचा आदिंग, जो नऊ वर्षांचा असताना नानांग गेली आणि ज्याला इसिंगनं भरवून, न्हाऊ घालून, शाळेच्या दारापर्यंत पाठीवर नेऊन मोठा केला. त्याच वर्षी तिला तार्लाकच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं होतं. शिक्षकानं दोन हंगाम वाट पाहिली आणि मग दुसरीकडे लग्न केलं. पाठीवर नेलेलं पोर आता आपल्याच डोक्यावर बसणार, हे इसिंगला गेले वीस दिवस रोज सकाळी खिडकीतून दिसत होतं.

"मानांग!" थोरल्या बहिणीला हाक मारत देल्फिन रबरी बूट फटफटवत आत आला. हातात एक छापील कागद. "बायकांना नीट सांगशील ना? एका चुडात एक रोप. फार तर दोन. तीन लावलं तर तो गुन्हा."

"मग पोलीस बसवलेत का बांधावर?"

"थट्टा नको गं. बी फार तर दोनांच्या हिशेबानं मोजून मिळालंय. नेहमीसारखं मूठभर लावलं तर अर्ध्या शेतातच रोपं संपतील."

"आणि गोगलगाईनं ते एकुलतं एक रोप खाल्लं म्हणजे? तिथं काय लावू, हा कागद?"

"पाणी पातळ ठेवलं की ती फिरकत नाही. म्हणून तर मी कालव्याच्या दारावर जाऊन बसतोय. आज पाण्याची पाळी खालच्या शेतांची आहे, आपलं दार गळतं. पाणी दोन बोटांच्या वर चढलं तर रोपं तरंगतील."

"म्हणजे तू लावणीला नाहीस."

"दुपारी येतोच की जेवायला." त्यानं कागद पुढे केला. कागदावर एक बाई एकच रोप धरून हसत होती. चिखलात उभी होती आणि तिला लिपस्टिक होती. "हे दाखव त्यांना."

"तूच दाखव ना."

"माझं कोण ऐकतंय? तू मुकादमीण. त्या तुझ्या हाताकडे बघून लावतात."

हे कौतुक होतं. पण जळणाऱ्या माणसाला कौतुकाचाही चटकाच बसतो. तिला त्यात एवढंच ऐकू आलं की राबायचं तू आणि जमीन मिळवायची यानं. तिनं कागदाची घडी घातली आणि आपल्या वेताच्या टोपीत कोंबली.

एका चुडात, म्हणजे एका जागी, किती रोपं लावायची, हे तिला कुणी कागदावर शिकवलं नव्हतं. आठ वर्षांची असताना तातांगनी तिचं मनगट धरून चिखलात दाबलं होतं आणि म्हणाले होते, "चार धर. एक खेकड्याचं, एक उंदराचं, दोन आपली." ते मनगट त्यानंतर कुणीच धरलं नाही. शिक्षकानंही नाही.

*

सात वाजता बायका शेतात उतरल्या. डोक्याला फडकी, पायांत जुने मोजे, कमरेत वाकलेल्या सतरा बायका आणि अठरावी इसिंग. ती नेहमीप्रमाणे डाव्या कडेला, बांधालगतच्या पट्टीवर. मुकादमिणीची ओळ कडेला असते. तिच्या सरळपणावरून बाकीच्या आपापल्या ओळी धरतात. सुतळीविना सरळ ओळ लावणारी बाई आजूबाजूच्या चार गावांत एकच, हे सगळे मानत. तातांग मानत असतील तर त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

बांधावर सेव्हेरिनो गिटार घेऊन बसला होता. लावणीला गिटार लागतेच. तालावर हात पडतात, कंबर दुखलेली कळत नाही. सेव्हेरिनोनं गेल्या वीस वर्षांत चिखलात पाय घातला नव्हता, पण गिटार वाजवत असल्यामुळे तो प्रत्येक लावणीला हजर होता, आणि स्वतः कसणारा म्हणून आपलंही नाव लागू शकतं असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

कोंचिंगनं पहिली पेंढी सोडली. ती आणि इसिंग एका वर्षाच्या, एका शाळेच्या, एका टोळीत म्हाताऱ्या झालेल्या. रोपं हातात घेऊन ती थबकली. "अगं बाई, हे काय, रोप आहे की केळीचं पिल्लू? इसिंग, किती लावायची एका जागी?"

इसिंगच्या टोपीत कागद टोचत होता.

"तुझा हात काय नवा आहे का?" ती म्हणाली. "लाव जसं लावतेस तसं."

यात खोटं काहीच नव्हतं. मनातल्या मनात तिनं ते दोनदा तपासूनही पाहिलं. पाद्रीबाबांसमोर सांगायची वेळ आली तरी यातला एक शब्द बदलावा लागला नसता.

गिटार सुरू झाली. सतरा हात खाली गेले, प्रत्येक हातात चार-चार, पाच-पाच रोपं. चिखलात बुडबुड आवाज करत मागे मागे सरकणारी हिरवी रांग झरझर दाट होत गेली. इसिंगनं ते तिरक्या नजरेनं पाहिलं आणि तिला बरं वाटलं. दातदुखी थांबल्यावर वाटतं तसं. दुपारी पेंढ्या संपतील, अर्धं शेत उघडं पडेल, आणि तातांग त्या काळ्या रिकाम्या चिखलाकडे बघून म्हणतील, धाकट्याला शेती जमायची नाही. बस. ती त्याच्याविरुद्ध एक शब्दही बोलणार नव्हती.

मग तिनं स्वतःची पहिली मूठ उचलली.

खरी पंचाईत इथंच झाली. ती रोपं हातात चार घ्यावीत अशी नव्हतीच. एकेकाचा बुंधा चपटा, घट्ट, मुळं पांढरीशुभ्र, बाजूला दोन-तीन फुटवे. चार एकत्र धरली तर अंगठ्यात मावेनात. एकमेकांना ढकलत होती, बाकावर दाटीनं बसवलेल्या पोरांसारखी. अशी कोंबून लावली तर गुदमरतील, हे सांगायला तिला कागदाची गरज नव्हती. तिनं एक बाजूला काढलं. मग दुसरं. एकच उरलं. ते तिनं चिखलात ठेवलं, दोन बोटांनी माती लोटली. रोप तिथं असं उभं राहिलं की जणू आयुष्यभर तिथंच होतं.

एवढं एक, असं ती स्वतःला म्हणाली. बघूया तर.

दुसरंही एकच लावलं. तिसरंही. मग हात तालात आला आणि डोकं थांबलं. एक रोप, दोन बोटं, पाऊल मागे. एवढी सुरेख ओळ तिनं जन्मात लावली नव्हती. वाईट करायला निघालेल्या माणसाला आपण वाईट करतोय हे सतत लक्षात ठेवावं लागतं. इसिंग ते तासाभरातच विसरली. तिच्या शेजारी सतरा ओळी दाट जंगलासारख्या वाढत होत्या आणि तिची एकटीची पट्टी, बांधालगत, एका रोपाची, केसांतल्या भांगासारखी विरळ आणि सरळ चालली होती.

खाली वाकलेल्या बायकांना शेजारच्या ओळीची रेघ दिसते, एका चुडात किती रोपं ते दिसत नाही. बांधावर बसलेल्या माणसाला दिसते.

दहाच्या सुमाराला पाणी प्यायला ती बांधाशी आली तेव्हा सेव्हेरिनोनं तारांवर बोटं ठेवूनच हळू आवाजात म्हटलं, "इसिंग, पेंढ्या फार पटापट चालल्यात."

"बायका चपळ आहेत."

"तुझ्या पेंढ्या मात्र संपत नाहीत."

इसिंगनं करवंटी पाण्यात बुडवली.

"मला वाजवता येतं म्हणजे मोजता येत नाही असं नाही." त्याचं हसू खुलत गेलं. "वा गं! काल मी तुला म्हणालो होतो ना, आपण दोघं मिळून धाकट्याची हवा काढू? तू तर एकटीनंच काढलीस. मी गप्प बसतो. नाव तुझं लागलं की रस्त्याकडचा कोपरा मला. गॅरेजपुरता."

"तुकडे पाडता येत नाहीत. कायदा आहे."

"कायदा कागदावर. कोपरा जमिनीवर."

"मानोंग, मी ही जमीन गॅरेजला द्यायची म्हणून नाही मागत."

"मग कशाला मागतेस? तुझ्यामागे कोण आहे खाणारं?"

हे तो सहज बोलला, गिटारीचा कान पिळावा तसं. इसिंगनं नारळाची करवंटी पाण्यात परत टाकली आणि चिखलात उतरली. मागे गिटारीनं ताल बदलला, आणि तो उगाचच थोडा वेगाचा झाला.

*

साडेअकराला शेवटची पेंढी सुटली. बायका पाठ सरळ करत उभ्या राहिल्या आणि तेव्हा कुठं त्यांना दिसलं की आपल्या मागे अजून अर्धं शेत शिल्लक आहे. काळं, चिखलणी केलेलं, आरशासारखं सपाट.

"रोपं?" कोंचिंगनं विचारलं.

देल्फिनचा तरवा रिकामा झाला होता, आणि इसिंगचा वरच्या तुकड्यापुरताच मोजून पेरलेला होता.

लोरेतावहिनी, सेव्हेरिनोची बायको, हाच मुहूर्त साधून केळीच्या पानांवर जेवण मांडत होती. भाजलेली तिलापिया मासळी, पिनाकबेतची भाजी, भाताचे ढीग. "बसा बसा," ती म्हणाली, "गार होईल." तेवढ्यात देल्फिन कालव्याकडून आला. शेत बघून त्याचा चेहरा असा झाला की वहिनीच्या हातातला डाव तसाच राहिला.

तो बांधावरून थेट चिखलात उतरला आणि एक चूड उपटला. "पाच!" दुसरा उपटला. "चार! अहो, मी सांगितलं होतं ना! एक! एक म्हणजे किती हे तरी कळतं का तुम्हाला? जन्मभर चिखलात वाकता आणि दोन ओळींचा कागद पाळता येत नाही?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कागद कोणता, हे त्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. कोंचिंगनं इसिंगकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादा श्वास घ्यायला लागतो तेवढाच. आणि मग ती डोक्यावरचं फडकं सोडत म्हणाली, "चूक आमची, पोरा. हाताला सवय. मजुरी नको आजची."

इसिंगला वाटलं, आपण आत्ता काहीतरी बोलणार. पण तोंड उघडलंच नाही. तिच्या मनासारखं सगळं घडत होतं, फक्त त्यात कोंचिंग कुठं येणार नव्हती.

तातांग काठी टेकत बांधावर आले. ओरडले नाहीत. त्यांनी रिकाम्या चिखलाकडे पाहिलं, मग देल्फिनकडे. "तू कुठं होतास?"

"दारावर. पाणी राखत."

"शेत सोडून पाणी राखत होतास."

इसिंगनं हीच वाक्यं वीस दिवस मनात घोळवली होती. ऐकताना ती तितकी गोड लागली नाहीत.

तेवढ्यात सेव्हेरिनोनं गिटार मांडीवरून खाली ठेवली. जमीन आपल्याला मिळत नाही तर ती कुणालाच सुखानं मिळू नये, एवढा न्याय त्याच्याकडे होता. "तातांग," तो म्हणाला, "सगळ्यांना सवय आहे, खरं. पण ती डावीकडची पट्टी बघा बरं. किती विरळ आहे. कोणाची ओळ आहे ती?"

ती कोणाची ओळ आहे हे विचारावं लागत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

तातांग काठी बांधावर ठेवून चिखलात उतरले. देल्फिन धरायला धावला, त्याला त्यांनी कोपरानं बाजूला केलं. पट्टीवर वाकून त्यांनी बोटांनी चाचपलं. एक. पुढचा चूड. एक. त्याच्या पुढचा. एक. असं ते दहा-बारा चुडांपर्यंत गेले. खात्री पहिल्याच चुडाला झाली असणार, पण बहुतेक त्यांना हात काढवत नव्हता.

"तुला माहीत होतं," ते सरळ होत म्हणाले.

"मानांग?" देल्फिन म्हणाला. तिला वाटलं होतं तो चिडेल. तो नुसता बघत होता, नऊ वर्षांचा असताना बघायचा तसा.

इसिंगनं टोपी काढली. घडी केलेला कागद चिखलात पडला. लिपस्टिकवाली बाई वर तोंड करून हसत राहिली.

"होतं माहीत," ती म्हणाली. "मुद्दाम नाही सांगितलं. कोंचिंगची चूक नाही, कुणाचीच नाही. माझी." आणि मग जे बोलायचं नव्हतं ते आलं. "आणि चार लावायला मला कुणी शिकवलं? तुम्हीच ना? माझं मनगट धरून? पस्तीस हंगाम मी चार लावली. पस्तीस हंगाम माझा तरवा तिथं होता, त्याच जागी. एकदा तरी बसलात का? एकदा? मी काय मागत होते, कॉफी? बसायचं फक्त. आता ही वीस दिवसांची आली तर तुम्ही तिच्याशी गप्पा मारता!"

"कोणाशी?" लोरेतावहिनीनं हळूच विचारलं.

"रोपांशी!" इसिंग ओरडली, आणि आपण हे चारचौघांत ओरडलो हे कळून तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

बायकांत एकीला हसू फुटलं, ते तिनं फडक्यात दाबलं. तातांग मात्र हसले नाहीत. त्यांना प्रश्नच कळला नसावा असा त्यांचा चेहरा होता.

"तुझ्या तरव्यापाशी कशाला बसू?" ते म्हणाले. "तो नीटच असायचा. जे नीट असतं तिथं मी कशाला बसू? हे नवं होतं. मला कळत नव्हतं."

पस्तीस वर्षांचं कौतुक हे असं, चिखलात गुडघाभर उभं राहून, तक्रारीच्या सुरात हातात पडलं. त्याचं काय करायचं ते इसिंगला सुचेना.

"वाईट करायला निघालीस," तातांग पट्टीकडे बघत पुढे म्हणाले, "आणि तेसुद्धा तुला धड जमलं नाही."

*

जेवायला कुणी बसलं नाही. इसिंगच आधी वाकली. पहिला दाट चूड तिनं मुळासकट अलगद वर घेतला, एक रोप परत जागेवर बसवलं, उरलेली चार डाव्या हातात.

"सकाळचीच लावणी आहे," ती म्हणाली. "मुळं धरली नाहीत अजून. संध्याकाळच्या आत काढून तिकडे लावली तर एकही मरणार नाही. उद्या मात्र मरतील." मग बायकांकडे वळून, मुकादमिणीच्या नव्हे, वेगळ्याच आवाजात: "मला एकटीला दहा दिवस लागतील."

कोंचिंगनं मोजे वर ओढले. "मला आज सगळ्यांसमोर अडाणी ठरवलंस, इसिंग."

"हो."

"याची मी दर लावणीला आठवण करून देणार आहे. मरेपर्यंत."

"दे."

"मग ठीक आहे," असं म्हणून कोंचिंग चिखलात उतरली आणि तिच्यामागे सोळाजणी. देल्फिन बूट काढून उतरला. त्याला लावता येत नव्हतं. त्याची ओळ सापासारखी गेली. इसिंगनं शेजारून हात घालून त्याचं मनगट धरलं. "बोटं आत. दोनच. माती लोट आणि सोड. दाबू नकोस."

"मला बोलली का नाहीस गं?" तो खाली बघत म्हणाला.

"तू कागद दिलास. कागदाशी काय बोलायचं?"

तातांग बांधावर बसून जेवले. मीठ कमी आहे म्हणाले. मग, कुणी विचारलं नसताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाव देल्फिनचं."

इसिंगचा हात थांबला नाही. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

"तिनं हे केलं म्हणून?" देल्फिननं मान वर केली.

"नाही. तिच्या नावावर केली तर उद्या ती तुला बांधावर पाय ठेवू देणार नाही. तुझ्या नावावर केली तर तुला तिच्यावाचून एक हंगाम निघायचा नाही. असे दोघंही शेतात राहाल."

"आणि माझ्या नावावर केली असती तर?" सेव्हेरिनोनं विचारलं.

"तर गॅरेज झालं असतं. वाजव."

सेव्हेरिनोनं गिटार उचलली.

*

लावणीनंतर सोळाव्या दिवशी सकाळी इसिंग चूल पेटवून खिडकीशी गेली, तर तिथं आधीच कुणीतरी उभं होतं. जमिनीचा नवा वारस, अंगावर बनियन, हातात रिकामा मग.

बाहेर अख्खं शेत हिरवं झालं होतं, एकेका रोपाचं. तातांग डाव्या कडेच्या पट्टीशी उकिडवे बसले होते. पाठ घराकडे. ओठ हलत असणार, खांद्यांवरून कळत होतं.

"आठ फुटवे आलेत एकेकाला," देल्फिन म्हणाला. "तुझ्या पट्टीत. काल मी मोजले."

"बाकीच्यात?"

"पाच-सहा. उपटून लावलेल्यांना जरा धक्का बसला." तो थांबला. "काय बोलत असतील गं?"

"मी वीस दिवस हाच विचार करत होते. मला वाटायचं तुझं कौतुक चाललंय."

"माझं?" देल्फिन वळला. "मानांग, मी एकदा जाऊन बसलो होतो त्यांच्याशेजारी. तरव्यापाशी. मला म्हणाले, उजेड अडवू नकोस."

इसिंगला हसू आलं, आणि मग ते मध्येच कुठंतरी अडकलं. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तेच ते बघणं, तीच खिडकीची चौकट धरलेली बोटं. वीस दिवस तिची बोटं ज्या जागी होती, बरोबर तिथं. जमिनीचा कागद त्याच्या उशाला होता आणि तो सकाळी उठून इथं उभा होता.

ती थोडी सरकली. खिडकी लहान होती. खांद्याला खांदा लावून दोघं मावली.

बाहेर तातांगनी मग तोंडाला लावला, अर्धा प्यायला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, उरलेली कॉफी त्यांनी हळूच, एका चुडाच्या मुळाशी ओतली, आणि हातानं माती सारखी केली.

देल्फिननं हातातल्या रिकाम्या मगाकडे पाहिलं.

"तुला दिली होती कधी?" त्यानं विचारलं.

"घोटभरसुद्धा नाही. तुला?"

"नाही."

चुलीवरचा भात उतू जायला लागला. इसिंग झाकण काढायला वळली.

"त्याला आधी आठ फुटवे यावे लागतात, आदिंग," ती म्हणाली.